हरवलेला सूर कोणाचा? : फर्नांडो टोरेसच्या निमित्ताने

१

मराठी क्रीडापत्रकारितेत एक वाक्प्रयोग चांगलाच रुळलेला आहे. एखादा खेळाडू पुन्हा धावा काढू लागला, गोल करू लागला, की त्याला ‘सूर गवसला’ असे आपण म्हणतो. तो अपयशी ठरू लागला की त्याचा ‘सूर हरवला’. ‘फॉर्म’ या शब्दापेक्षा हा प्रयोग अधिक अर्थवाही आहे. मात्र त्याचा पुरता अर्थ आपण कधी मनावर घेतलेला नाही. सूर ही एकट्याने गवसण्याची गोष्ट नव्हे. गायकाचा सूर लागला की नाही, हे ठरते ते मागे चाललेल्या तंबोऱ्याच्या षड्जाशी असलेल्या त्याच्या नात्यावरून. तो षड्ज काढून घेतला, तर सूर लागला की नाही हा प्रश्नच नीट विचारता येत नाही. क्रीडापानांवर मात्र सूर गवसल्याचे श्रेय आणि तो हरवल्याचा ठपका, दोन्ही एकाच माणसाच्या खात्यावर जमा होतात.

या लेखात मांडायचा मुद्दा असा, की फुटबॉलमधील स्ट्रायकरचा फॉर्म हा त्याचा एकट्याचा गुणधर्म नसतो. क्षमता त्याची असते; पण ती क्षमता गोलच्या रूपाने दिसू लागणे हे त्याच्या मागच्या आणि आजूबाजूच्या सर्जनशील खेळाडूंशी जुळलेल्या नात्यावर अवलंबून असते. हे विधान वरवर पाहता सर्वमान्य वाटेल. फुटबॉल हा सांघिक खेळ आहे हे कोणाला ठाऊक नाही? पण जे तत्त्व म्हणून आपल्याला मान्य असते ते मूल्यमापनाच्या वेळी आपण सहसा वापरत नाही. साहित्याच्या विद्यार्थ्यांना आणि अध्यापकांना हा अनुभव नवा नसावा. संहिता अनेकांच्या हातून घडते हे आपण वर्गात शिकवतो आणि बाहेर येऊन ‘अमुक लेखक आता संपला’ असे सहज म्हणून जातो.

२

आधी गोलच्या नोंदीकडे पाहू. व्याकरणाच्या भाषेत बोलायचे तर धावफलक नेहमी कर्तरी प्रयोगात बोलतो. त्याला कर्ता हवा असतो आणि तोही एकच. पाणिनीने कर्त्याची व्याख्या करताना त्याच्या स्वातंत्र्यावर भर दिला; क्रियेच्या बाबतीत जो स्वतंत्र, तो कर्ता. गोल करणाऱ्याला आपण कर्ता म्हणतो तेव्हा हे स्वातंत्र्य नकळत गृहीत धरतो. प्रत्यक्षात मैदानावर स्ट्रायकरइतका परतंत्र खेळाडू क्वचितच दुसरा असेल. बचावपटूकडे चेंडू प्रतिस्पर्धी आणून देतो, गोलरक्षकाकडे तर तो न मागता येतो. स्ट्रायकर मात्र नव्वद मिनिटांतला बहुतेक काळ चेंडूविना धावत असतो, आणि चेंडू त्याच्यापर्यंत पोहोचवणे सर्वस्वी दुसऱ्याच्या हाती असते.

हे परावलंबन फुटबॉलच्या नियमांतच लिहिलेले आहे. ऑफसाइडचा नियम पाहा. आघाडीवीर ऑफसाइड आहे की नाही, हे चेंडू त्याच्यापर्यंत पोहोचतो त्या क्षणी ठरत नाही. सहकाऱ्याच्या पायाचा चेंडूला स्पर्श होतो त्या क्षणी तो कोठे होता, यावरून ठरते. म्हणजे स्ट्रायकरची धाव वैध की अवैध, याचा निवाडा दुसऱ्या माणसाच्या कृतीच्या घड्याळावर होतो. पास अर्ध्या सेकंदाने उशिरा आला तर अप्रतिम धाव गुन्हा ठरते. पास वेळेवर आला तर तीच धाव गोलमध्ये रूपांतरित होते. धावणाऱ्याने दोन्ही वेळी केले ते नेमके सारखेच असते.

या परावलंबनाची दखल आकडेवारीने घेतली नाही असे नाही. ‘असिस्ट’ म्हणून गोलपूर्वीच्या पासची नोंद होऊ लागली. परंतु ती नोंद शेवटच्या पासपुरतीच मर्यादित असते. त्या पासची वाट ज्याने आधीच्या पासने मोकळी केली, किंवा ज्याने बचावपटूला स्वतःकडे ओढून घेऊन जागा निर्माण केली, त्याचा उल्लेख तेथे नसतो. पुढे ‘अपेक्षित गोल’ ही मोजपट्टी आली. बीबीसीच्या ‘मॅच ऑफ द डे’ या कार्यक्रमात ती २०१७ पासून दिसू लागली. अमुक जागेवरून, अमुक प्रकारे आलेल्या चेंडूवर गोल होण्याची शक्यता किती, याचा तो हिशेब. त्याने एक गोष्ट चांगली केली. संधी मिळणे आणि संधी साधणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे सामान्य प्रेक्षकालाही आकड्यांत दिसू लागले. मात्र येथेही ‘मिळालेली’ संधी स्ट्रायकरच्याच नावाने मांडली जाते. ती कोणी दिली, कशी दिली, हे तळटीपेतच राहते.

याला अपवाद आहेत. १९८६च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात अर्जेंटिनाचा पश्चिम जर्मनीविरुद्धचा निर्णायक तिसरा गोल बुरुचागाने केला; लोकांच्या स्मरणात मात्र त्याआधीचा माराडोनाचा पास आहे. पण येथे पास देणारा आधीच दंतकथा झाला होता. सामान्य व्यवहारात पास देणाऱ्याच्या वाट्याला अशी स्मृती येत नाही.

३

हा प्रश्न ज्याच्या कारकिर्दीत फार तीव्रतेने उभा राहिला, तो खेळाडू म्हणजे स्पेनचा फर्नांडो टोरेस. १९८४ साली जन्मलेला टोरेस अ‍ॅटलेटिको माद्रिदमध्ये घडला आणि २००७मध्ये लिव्हरपूलला आला. पहिल्याच, म्हणजे २००७-०८च्या हंगामात, त्याने प्रीमियर लीगच्या ३३ सामन्यांत २४ गोल केले. लिव्हरपूलसाठी त्याने एकूण १४२ सामन्यांत ८१ गोल केले. ३१ जानेवारी २०११ रोजी चेल्सीने त्याला ५ कोटी पौंड देऊन घेतले. ब्रिटिश क्लबने एका खेळाडूसाठी मोजलेली ती तोवरची सर्वांत मोठी रक्कम होती. चेल्सीसाठी त्याचे आकडे आहेत १७२ सामन्यांत ४५ गोल.

माणूस तोच, देश तोच, लीगही तीच. वय २६, म्हणजे स्ट्रायकरचे ऐन उमेदीचे. मग बदलले काय?

लिव्हरपूलचे प्रशिक्षक राफा बेनिटेझ यांनी संघाची जी रचना केली होती तिच्याकडे पाहिले पाहिजे. टोरेस सर्वांत पुढे, एकटा. त्याच्या लगेच मागे स्टीव्हन जेरार्ड, ज्याला मध्यफळीतील बचावाच्या जबाबदारीतून मोकळे केलेले. त्यांच्या मागे शाबी अलोन्सो आणि मास्केरानो. त्यांतला मास्केरानो चेंडू हिसकावणारा, तर अलोन्सो चाळीस-पन्नास यार्डांवरून तो अचूक टाकणारा. टोरेसचा खेळ बचावफळीच्या पाठीमागच्या मोकळ्या जागेवर आधारलेला होता. दोन बचावपटूंच्या मधून निसटायचे, चेंडू धावेच्या पुढे घ्यायचा, आणि एकट्या गोलरक्षकाला सामोरे जायचे. हे साधायचे तर चेंडू लवकर यायला हवा, बचावफळी मागे सरकण्याआधी. जेरार्डचे वैशिष्ट्य हेच होते की चेंडू मिळताच त्याची पहिली नजर पुढे जायची. टोरेसची धाव हा एक प्रश्न होता, आणि जेरार्डजवळ त्याचे उत्तर जवळजवळ तयार असे.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी लागेल. स्ट्रायकर एका सामन्यात अशा पुष्कळ धावा घेतो. चेंडू त्यांतल्या थोड्यांवरच येतो. बाकीच्या धावा वाया जातात. वाया जाणाऱ्या धावा घेत राहण्यासाठी एक प्रकारचा विश्वास लागतो, की मागे कोणीतरी पाहत आहे. ज्याच्या धावांकडे कोणी पाहत नाही तो हळूहळू धावणे कमी करतो, किंवा चुकीच्या वेळी धावू लागतो, किंवा चेंडू शोधत मागे येतो आणि जेथे तो धोकादायक नसतो तेथे खेळू लागतो. बाहेरून पाहणाऱ्याला हा आळस वाटतो, आत्मविश्वासाचा अभाव वाटतो. प्रत्यक्षात ते संवाद तुटल्याचे लक्षण असते.

४

हे नाते एकतर्फी नसते. टोरेसच्या कारकिर्दीतला सर्वांत महत्त्वाचा गोल २९ जून २००८ रोजी व्हिएन्नात झाला. युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, ३३व्या मिनिटाला, झावीने जर्मन बचावफळीमधून पुढे पास टाकला. तो पास तसा टोरेसच्या पायात आलेला नव्हता. जर्मनीचा फिलिप लाम चेंडूच्या अधिक जवळ होता. टोरेस त्याला वळसा घालून पुढे गेला, आणि पुढे झेपावणाऱ्या लेमनच्या अंगावरून त्याने चेंडू हलकेच जाळ्यात टाकला. स्पेनने सामना १-० असा जिंकला. १९६४नंतर स्पेनला मिळालेले ते पहिले मोठे विजेतेपद.

नोंदवहीत झावीच्या नावावर असिस्ट आहे. पण टोरेसने लामला मागे टाकले नसते तर तो पास एक साधा, फुकट गेलेला चेंडू ठरला असता. म्हणजे टोरेसच्या धावेने झावीच्या पासला ‘चांगला पास’ केले. ज्या दिवशी स्ट्रायकर मंद असतो त्या दिवशी सर्जनशील मध्यरक्षकही निष्प्रभ दिसतो. त्याचे पास ‘दिशाहीन’ ठरतात. त्यामुळे ‘स्ट्रायकर पास देणाऱ्यावर अवलंबून असतो’ एवढेच म्हणणे पुरेसे नाही. दोघांमध्ये जे घडते ते दोघांपैकी कोणाच्याही एकट्याच्या मालकीचे नसते. साहित्यात वाचकाच्या सहभागाशिवाय संहितेला अर्थ प्राप्त होत नाही असे आपण म्हणतो, त्याच जातीचे हे नाते आहे. फरक इतकाच की येथे वाचकाला वाचायला पाऊण सेकंद मिळतो.

५

आता चेल्सी. टोरेस तेथे गेला तेव्हा संघाच्या आक्रमणाचा केंद्रबिंदू दिदिए द्रोग्बा होता. द्रोग्बाला चेंडू अंगावर घेणे, बचावपटूला पाठीवर रोखणे, इतरांना येऊ देणे साधत असे. तो संघ द्रोग्बाच्या देहाभोवती बांधलेला होता. चेल्सीविरुद्ध खेळणारे बहुतेक संघ आपल्या गोलसमोर दाटी करून उभे राहत. पाठीमागे मोकळी जागा उरतच नसे. टोरेसची भाषा जागेची होती आणि त्याला जेथे बोलायचे होते तेथे जागा नव्हती.

त्याचा चेल्सीसाठीचा पहिला गोल यायला जवळपास तीन महिने लागले. २३ एप्रिल २०११ रोजी वेस्ट हॅमविरुद्ध, पावसाने भिजलेल्या मैदानावर, चेंडू साचलेल्या पाण्यात अडला आणि टोरेसने वळून तो जाळ्यात मारला. त्या हंगामात लीगमध्ये चेल्सीसाठी त्याचा तो एकमेव गोल. पुढे १८ सप्टेंबर २०११ रोजी ओल्ड ट्रॅफर्डवर, त्याच सामन्यात आधी गोल केलेल्या टोरेसने, गोलरक्षकालाही चकवल्यावर रिकाम्या जाळ्यासमोरून चेंडू बाहेर मारला. ती चित्रफीत जगभर पाहिली गेली आणि तिने त्याच्यावर कायमचा शिक्का मारला.

या प्रसंगाला माझ्या मांडणीत पळवाट नाही. रिकामे जाळे समोर असताना सहकारी काय करणार? ती चूक त्याचीच. प्रश्न एवढाच, की एका चुकीवरून काय निष्कर्ष काढायचा. चुका तो लिव्हरपूलमध्येही करीत होता. पण तेथे पुढची संधी दहा मिनिटांत येत असे. संधी वारंवार येत असल्या की चुकलेली संधी विसरली जाते. त्या विरळ झाल्या की प्रत्येक चूक ऐतिहासिक ठरते, प्रेक्षकांच्या मनात आणि बहुधा खेळाडूच्याही मनात.

६

येथवरची मांडणी फार सोयीची झाली आहे अशी शंका चिकित्सक वाचकाला येईल, आणि ती रास्त आहे. माझ्या म्हणण्याच्या विरोधात जाणारे पुरावे टोरेसच्याच कारकिर्दीत आहेत.

पहिला असा. अलोन्सोला लिव्हरपूलने २००९च्या उन्हाळ्यात रिआल माद्रिदला विकले. माझे म्हणणे सरळधोपटपणे खरे असते तर टोरेसचे गोल लगेच आटायला हवे होते. प्रत्यक्षात २००९-१०मध्ये लीगच्या २२ सामन्यांत त्याने १८ गोल केले. संघ सातव्या स्थानावर घसरला, टोरेस घसरला नाही. दुसरा याहून गंभीर. २०१०च्या विश्वचषकात त्याच्या मागे झावी, इनिएस्टा आणि अलोन्सो होते. त्या काळातली जगातली सर्वांत सर्जनशील मध्यफळी म्हणता येईल अशी. स्पेनने विश्वचषक जिंकला. डेव्हिड व्हियाने ५ गोल केले. टोरेसने एकही केला नाही. तिसरा पुरावा चेल्सीतलाच. २०११मध्ये हुआन माटा आणि २०१२मध्ये एडन हॅझार्ड तेथे आले. नोव्हेंबर २०१२मध्ये तर खुद्द बेनिटेझ हंगामी प्रशिक्षक म्हणून आले. कल्पक सहकारी आणि जुना गुरू दोन्ही मिळाले. त्या हंगामात टोरेसने सर्व स्पर्धांत मिळून २२ गोल केले, युरोपा लीगच्या अंतिम सामन्यातही गोल केला, पण लीगमधले गोल जेमतेम ८.

या पुराव्यांतून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक, शरीर. २०१०च्या एप्रिलमध्ये टोरेसच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली होती. तो दोन महिन्यांनी विश्वचषक खेळला. ज्याचा सगळा खेळ पहिल्या चार पावलांच्या वेगावर उभा आहे, त्याची चार पावले थोडी मंदावली तर जेरार्डचा पासही बचावपटूच्या पायात जातो. संगत कितीही उत्तम असली तरी गळा बसलेला असेल तर मैफल होत नाही. दोन, ‘सर्जनशीलता’ हे किलो-लिटरने मोजायचे द्रव्य नाही. झावी आणि इनिएस्टा यांची प्रतिभा चेंडू स्वतःकडे ठेवण्याची, प्रतिस्पर्ध्याला थकवण्याची, पन्नास लहान पासांनंतर एक दार उघडण्याची होती. तोवर बचावफळी आपल्या पेनल्टी क्षेत्रात शिरून बसलेली असे. अशा अरुंद जागेत व्हियासारखा खेळाडू फुलत होता. टोरेसला दार उघडण्याआधीच धावायचे होते. दोन्ही बाजूंना प्रतिभा होती. लय जुळत नव्हती. उत्तम ख्यालगायकामागे उत्तम कव्वालीचा साथीदार बसवल्यासारखे ते झाले.

अशाच गुंतागुंतीचे दुसरे उदाहरण युक्रेनच्या आंद्रे शेवचेन्कोचे. एसी मिलानसाठी त्याने १७५ गोल केले, २००४मध्ये ‘बॅलन डी’ऑर’ मिळवला. पिर्लो, रुई कोस्टा आणि नंतर काका असे पास देणारे त्याला लाभले. २००६मध्ये तो चेल्सीत गेला आणि लीगच्या ४८ सामन्यांत अवघे ९ गोल करू शकला. येथपर्यंतची कथा माझ्या बाजूची. पण तोच शेवचेन्को मिलानच्या पहिल्याच हंगामात, १९९९-२०००मध्ये, म्हणजे पिर्लो, रुई कोस्टा आणि काका यांच्यापैकी कोणीही तेथे नसताना, २४ गोल करून इटालियन लीगचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला होता. आणि २००८-०९मध्ये तो मिलानला परतला, काका आणि पिर्लो यांच्या सहवासात, तेव्हा लीगमध्ये त्याला एकही गोल करता आला नाही. जुने घर, जुनी माणसे, पण मधली वर्षे परत येत नाहीत.

तेव्हा माझा दावा मी अधिक नेमका करतो. सहकारी बदलले की फॉर्म बदलतोच, असे नाही. फॉर्म हा तीन गोष्टींच्या भेटीचा क्षण असतो : खेळाडूचे शरीर, त्याच्या खेळाची लय, आणि ती लय ओळखून वेळेवर प्रतिसाद देणारे सहकारी. यांतली पहिली गोष्ट सर्वस्वी त्याची. दुसरी बऱ्याच अंशी त्याची. तिसरी मुळीच त्याची नाही. आणि आपण निकाल देतो तो मात्र तिन्ही त्याच्याच आहेत असे समजून.

७

या तिसऱ्या गोष्टीचे मोल कोणाला कळले असेल तर ते डेनिस बर्गकॅम्पला. अयाक्सकडून खेळताना तो डच लीगमध्ये लागोपाठ तीन हंगाम सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या अग्रस्थानी होता. १९९३मध्ये तो इटलीत इंटर मिलानला गेला. बचावप्रधान, सावध खेळ. पुढे बर्गकॅम्प एकाकी. दोन हंगामांत लीगच्या ५२ सामन्यांत ११ गोल. इटालियन वृत्तपत्रांनी त्याची यथेच्छ टिंगल केली. १९९५मध्ये तो आर्सेनलला आला, आणि तेथे तो हळूहळू पास देणारा झाला.

१९९९मध्ये त्याच संघात थिएरी हेन्री आला. युव्हेंटसमध्ये तो मैदानाच्या कडेला खेळत होता आणि अर्ध्या हंगामात त्याने ३ गोल केले होते. आर्सेन वेंगर यांनी त्याला मध्यभागी आणले. आर्सेनलमध्येही सुरुवातीचे काही सामने तो गोलविना गेला. मग जे घडले ते सर्वज्ञात आहे : आर्सेनलसाठी एकूण २२८ गोल, आणि २००३-०४च्या अपराजित हंगामात लीगमध्ये ३०. त्याच्या मागे बर्गकॅम्प होता, डावीकडे पिरेस होता. युव्हेंटसमधल्या हेन्रीवरूनच त्याची किंमत कायमची ठरवली गेली असती तर तो कडेला धावणारा एक वेगवान, सामान्य खेळाडू म्हणून विस्मृतीत गेला असता. हेन्रीनेही हे ऋण पुढे चालवले. २००२-०३च्या लीगमध्ये २४ गोलांबरोबर त्याच्या नावावर २० असिस्ट आहेत. ज्याला वेळेवर चेंडू मिळत गेला, तो वेळेवर चेंडू देऊ लागला.

८

साहित्याच्या अभ्यासकाला हे सारे का महत्त्वाचे वाटावे? कारण आपणही धावफलक वाचणारेच आहोत. टी. एस. एलियटच्या ‘द वेस्ट लँड’चे मूळ हस्तलिखित १९७१मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा एझरा पाउंडने त्यात किती आणि कोठे कात्री चालवली होती हे जगाला दिसले. एलियटने ती कविता पाउंडला अर्पण करून ऋण मान्य केले होतेच. तरीही मुखपृष्ठावर नाव एकच असते, आणि ते तसेच असणे योग्यही आहे. पाउंडच्या कात्रीने एलियटची प्रतिभा कमी होत नाही. ती कोणत्या परिस्थितीत प्रकट झाली एवढेच कळते. रेमंड कार्व्हरच्या कथांवर गॉर्डन लिश या संपादकाने केलेले संस्कार इतके मूलगामी होते, की कार्व्हरच्या मूळ संहिता २००९मध्ये स्वतंत्र पुस्तकरूपाने आल्यावर ‘कार्व्हरची शैली’ म्हणजे नेमकी कोणाची शैली, हा वाद पेटला. पण लिशचा हात सैल झाल्यावरही कार्व्हरने १९८३मध्ये ‘कथीड्रल’सारखा संग्रह दिला. येथेही परावलंबन संपूर्ण नव्हते, आणि स्वातंत्र्यही नव्हते.

मराठीत ‘सत्यकथा’चे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी नव्या लेखकांच्या कथाकवितांवर घेतलेली मेहनत आपल्याला ऐकून माहीत आहे. ‘सत्यकथा’ १९८२मध्ये बंद पडले. त्यानंतर ज्यांचे लेखन थंडावले, त्यांच्याबद्दल ‘प्रतिभा आटली’ असा निर्वाळा देण्यापूर्वी त्यांची धाव पाहणारे डोळे कोणाचे उरले होते, असा प्रश्न आपण क्वचितच विचारला आहे.

९

शेवटी एक नैतिक मुद्दा. यशाचे श्रेय एकाला देण्यात फारसे नुकसान नाही असे वाटू शकते; लोकांना नायक हवे असतात. पण जी पद्धत यशाचे सगळे श्रेय एकाला देते, तीच अपयशाचा सगळा भारही त्याच एकावर टाकते. बाजार तर हे उघडपणे करतो. ५ कोटी पौंड मोजून चेल्सीने एक माणूस विकत घेतला; लिव्हरपूलमध्ये त्या माणसाभोवती जे नाते विणले गेले होते ते विक्रीला नव्हतेच. नाते मागे राहिले, किंमत मात्र त्या नात्याने घडवलेल्या गोलांवरून ठरली. मग ती किंमत न फेडल्याबद्दल चेष्टा झाली ती त्या माणसाची. टोरेस २०१५मध्ये अ‍ॅटलेटिकोत परतला, तेथे २०१८मध्ये युरोपा लीग जिंकला, आणि २०१९मध्ये जपानमध्ये खेळून निवृत्त झाला. विश्वचषक, दोन युरो, चॅम्पियन्स लीग हे सगळे त्याच्याजवळ आहे. तरीही त्याचे नाव निघाले की पुष्कळांना आठवते ती रिकाम्या जाळ्यासमोरची चूक.

आपण परीक्षण लिहितो, गुण देतो, पुरस्कार समित्यांवर बसतो, वर्गात ‘हा विद्यार्थी गेल्या वर्षी हुशार होता, यंदा काय झाले कोण जाणे’ असे बोलतो. अशा प्रत्येक वेळी एक साधा प्रश्न आधी विचारता येईल : याच्याकडे पाहणारा, याच्या धावेचा क्षण ओळखणारा, गेल्या वर्षी कोण होता, आणि यंदा तो कोठे गेला? या प्रश्नाने प्रत्येक अपयशाचे समर्थन होणार नाही. गुडघा खरोखर दुखावलेला असू शकतो, जाळे खरोखर रिकामे असू शकते. पण सूर हरवला असे म्हणण्यापूर्वी तंबोरा वाजत होता की नाही एवढे पाहण्याची जबाबदारी ऐकणाऱ्यावर असते.

आणि तंबोरा धरणाऱ्यांविषयीही थोडे बोलले पाहिजे. जेरार्ड, बर्गकॅम्प, झावी ही माणसे प्रसिद्ध होती म्हणून त्यांची नावे येथे आली. बहुतेक संघांत, बहुतेक संपादकीय कचेऱ्यांत, बहुतेक शाळांत हे काम करणाऱ्यांची नावे कोणत्याही फलकावर लागत नाहीत. कोणीतरी फुलत असेल, तर त्याच्या आसपास कोणाचीतरी नजर वेळेवर वर गेली आहे, इतके समजायला हरकत नसावी.